गरुडाच्या पायातला पेडवा

आमचा मासा गरुडाच्या पायात आहे ही बातमी घरी आली, तेव्हा मी तिसरा घावणा खात होतो.

बातमी आणली विश्राम गुरवाने. रवळनाथाच्या देवळातली पूजा त्याच्याकडे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, आणि एरवी आला की सरळ पडवीत बसून पानाचं तबक मागणारा. त्या दिवशी मात्र तो अंगणातच थांबला.

"गो कुंदा," तो म्हणाला, "तुझो मासो झाडार जावन बसलो हा."

कुंदा माझी बायको. तिने आधी तव्यावरचा घावणा उलटला आणि मग विचारलं, "खंयचो मासो?"

"निळ्या पाठीचो. तुझ्या हातचो. राईतल्या सातविणीर गरुडाचा घरटा असा मा, थंय तो नर बसलो हा. तेच्या पायाक लोंबता हा."

"असो कसो? तो मासो तर तांबोशान व्हरल्यान."

विश्रामने माझ्याकडे बघितलं. मी घावण्याकडे बघितलं.

"तांबोसो सातविणीर चढतलो कसो गो?" विश्राम म्हणाला.

कुंदाने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "केवढो होतो तो तांबोसो?" तिने विचारलं.

सहा दिवसांपूर्वी मी दोन्ही हात पसरून तो दाखवला होता. आता मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

हे सगळं समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमच्या गावात माझं दुकान होतं. पंपांच्या जळालेल्या मोटरी नवी तार भरून चालू करून द्यायचो. एका मुंबईकर गिऱ्हाइकाने गाव सोडताना मला त्याची रीळवाली काठी दिली. तेव्हापासून मला गरवायची सवय लागली. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं, आणि गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. काठीबरोबर दोन प्लॅस्टिकचे मासेही मिळाले होते. त्यांना लूर म्हणतात. पोटाखाली दोन गऱ्या, प्रत्येकीला तीन तोंडं. आमिष लावायचं नाही, नुसता लांब फेकायचा आणि रीळ फिरवत ओढत आणायचा. मोठ्या माशाला वाटतं, लहान मासा पळतोय. दोन्ही लूर मी पहिल्या महिन्यात खडकाला अडकवून घालवले.

"ह्या तर मी करीन," कुंदा म्हणाली होती.

ती सावंतवाडीची, चितारी घराण्यातली. लाकडी फळं रंगवण्यात तिचं बालपण गेलेलं. आमच्याकडे आल्यावरही भाऊ तिला लाकडी केळी, काजू, वांगी, मिरच्या पाठवायचा आणि ती रंगवून परत करायची. तिने भावाकडून पांगाऱ्याच्या लाकडाचे वीतभर तुकडे मासळीच्या आकारात कातून आणवले आणि त्यांचे पेडवे, म्हणजे तारलीसारखे मासे, केले. निळी पाठ, रुपेरी पोट, कल्ल्यामागे एक काळा ठिपका. ताटात ठेवला तर मांजर येईल असा. गऱ्या मी लावायचो, रंग तिचा.

मासे त्याला फसत नव्हते. माशांना काय दिसतं देव जाणे. पण पक्षी फसत होते. पहिल्याच आठवड्यात खंड्याने त्याच्यावर सूर मारला आणि चोच आपटून घेऊन शिव्या देत गेला. मग कुरव आले. मग एक बगळा माझ्या ओढीबरोबर चिखलातून चालत पार माझ्यापर्यंत आला आणि मला बघून अपमान झाल्यासारखा उडाला. वर्षभरात मी मासे धरले चार, आणि पक्षी फसले अकरा. अडकला एकही नाही, म्हणून आम्ही हसायचो. कुंदाला तर त्याचा अभिमान होता. "पाखरांक कळता. माशांक काय अक्कल?" ती म्हणायची.

बारावा गरुड होता. आमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचे मोठे समुद्रगरुड आहेत, त्यातली एक जोडी रवळनाथाच्या राईत घरटं करते. मंगळवारी सकाळी मी खाडीच्या तोंडाशी पेडवा फेकला, अर्धा ओढून आणला, आणि अंगावरून सावली गेली. मासा लागला की काठी पाण्याकडे वाकते. ही वर वाकली. रीळ आभाळाच्या दिशेने सुटलं. मी घाबरून घट्ट धरलं आणि तंगूस, म्हणजे दोरा, पेडव्याच्या गाठीजवळ तुटला. गाठ मीच बांधलेली होती.

घरी येऊन मी तांबोसा सांगितला. तांबोसा म्हणजे खाडीतला मोठा लालसर मासा. तो गरी तोडून गेला म्हटलं तरी माणसाला मान मिळतो. आणि कुंदाचा चेहरा असा झाला की मला ते परत घेता येईना. तिच्या पेडव्याला शेवटी मासा फसला होता. तिने ते विहिरीवर सांगितलं, दळणाला गेली तिथे सांगितलं, सावंतवाडीला भावाला फोन करून सांगितलं.

विश्रामच्या मागून आम्ही राईत गेलो, तेव्हा कुंदाने पायात चपलाही घातल्या नव्हत्या.

सातवीण उंच. घरट्यात पिल्लू ओरडत होतं. नर बाजूच्या फांदीवर एका पायावर उभा होता. दुसरा पाय त्याने पोटाशी घेतला होता आणि त्या मुठीत पेडवा होता. पुढच्या गरीची तोंडं बोटांत रुतून मूठ मिटली होती, ती त्याला उघडता येत नव्हती. मधेच तो वाकून चोचीने लाकूड ओढायचा. मग पाय झटकायचा. मग परत तसाच उभा.

"सा दिवस झाले," विश्राम म्हणाला. "मादी पिल्लाकडे बसता आणि शिकार हो नर हाडता. आता एका पायान काय हाडतलो?"

कुंदा कपाळावर हात धरून वर बघत होती. बराच वेळ.

"डोळो दिसता हा," ती म्हणाली. "हयसून दिसता."

पेडव्याचा डोळा. पांढरा, मधे काळा. खरंच दिसत होता.

घरी आल्यावर तिने सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्याने पुसले, डब्यात घातले आणि डबा माळ्यावर ठेवला. भावाची शंभर वांगी अर्धी रंगवलेली होती, ती तशीच पोत्यात भरली.

"ह्या काय?" मी विचारलं.

"ता लोखंड तेच्या पायातसून निघासर मी रंगाक हात लावचंय नाय."

"चूक माझी हा. गरी मी लावलंय, गाठ मी बांधलंय."

"गरी बघून इलो नाय तो," ती म्हणाली. "माझो मासो बघून इलो."

दुपारी वनखात्याचा माणूस आला. तरुण होता, समजुतीने बोलणारा. त्याने दुर्बिणीतून बघितलं आणि सांगितलं, वर चढू नका, या वयाचं पिल्लू माणूस बघून उडी मारतं. मग मला विचारलं, "गळ स्टेनलेसचा की साधा?"

"साधा," मी म्हणालो. "बाजारातला सगळ्यात स्वस्त."

"बरं झालं. गंजून पडेल. तोवर बाप आणि पिल्लू, दोघांना खायला मिळालं पाहिजे."

माझी चिक्कू बुद्धी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडणार होती.

पण राईतल्या झाडाचा प्रश्न असल्यामुळे देवाला विचारणं आलंच. विश्रामने कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. झाडावर चढायचं काय, म्हणून विचारलं. डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. देव आणि वनखातं एकाच मताचं झालेलं मी तेव्हाच बघितलं.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर सगळी हकीकत मोठ्याने मांडायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणत नाहीत.

"बा देवा म्हाराजा रवळनाथा," विश्रामने सुरू केलं.

"होय म्हाराजा," आम्ही दोघं.

"ह्या दिगंबरान लाकडाचो मासो खाडयेत टाकल्यान."

"होय म्हाराजा."

"तो तुझ्या राईतल्या गरुडान उचलल्यान."

"होय म्हाराजा."

"नि हेणा घराक येवन बायलेक सांगल्यान, तांबोशान व्हरल्यान म्हणान."

मी गप्प. विश्राम डोळे मिटून थांबला. देवळात कबुतरं घुमत होती, तेवढाच आवाज.

कुंदाने मला कोपराने ढोसलं.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

"जा काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, नि ह्या पाखराक मोकळा कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मग कुंदा स्वतः पुढे झाली. ती देवाशी बोलायची तेव्हा मला कधी ऐकू येत नसे, त्या दिवशी आलं. "देवा, तेच्या पायातला लोखंड सगळा निघांदे. आमी दोघां जोडीन येवन तुका नारळ ठेवू."

"जोडीन म्हटलंस हां," विश्राम म्हणाला. "मगे एकट्यान येवन चलाचा नाय."

"जोडीनच," ती म्हणाली.

आता गंमत बघा. वर्षात चार मासे धरणारा माणूस मी, आणि मला गरुडासाठी रोज एक धरायचा होता. मी पहिल्या दिवशी बाजारातून दोन बांगडे आणले आणि जुन्या धक्क्याच्या खांबावर ठेवून आलो. कावळ्यांनी नेले.

"बर्फातलो तुमी तरी खातास काय?" कुंदा म्हणाली. "खाडयेतलो ताजो होयो. नि उद्या मी येतंय."

"तू कित्याक?"

"तुमी एकटे गेलास तर घराक येवन काय सांगशात, नेम नाय."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. खाडीवर ती माझ्याबरोबर पहिल्यांदाच आली. मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी म्हटलं नव्हतं.

ती आली ती तयारीने. छत्री, बसायला गोणपाट, चहाचा थर्मास, एक लांब काठी, फळी, हातोडी आणि खिळे. खांबावर तिने मला फळी ठोकायला लावली. मग गोणपाटावर बसून काठीने कावळे हाकू लागली. लूर अर्थातच बंद. साधी दोरी, एक गरी, त्याला सुंगट, म्हणजे बारकी कोळंबी, आणि काठावर बसून राहायचं.

पहिल्या तासात मला शेंगटी लागली. शेंगटीला तीन दणकट काटे असतात.

"ही नको," कुंदा म्हणाली. "तेच्या पायात आदीच काय थोडे काटे आसत?"

मी ती सोडून दिली. थोड्या वेळाने सुंगटं आणायला मी पलीकडे गेलो आणि दोरी तिच्या हातात देऊन गेलो. परत आलो तर गोणपाटावर तळहाताएवढा काळुंदर उड्या मारत होता.

"हो घेवा," ती म्हणाली. "असोच लागलो."

"असोच म्हंजे?"

"दोरी हालली, मी ओडलंय. तुमी काय करतास?"

त्यानंतर रोज एक तरी तिला लागायचा. मला तीन दिवसांत एक. दोरीला हात कसा लावायचा हे मी तिला शिकवायला जायचो, आणि ती माझं सगळं ऐकून घेऊन आपल्यासारखंच करायची.

गरुड चार दिवस फिरकला नाही. फळीवरचा मासा शेवटी घारी न्यायच्या आणि कुंदा घारींना माहेरच्या शिव्या घालायची. पाचव्या दिवशी तो आला. खाडीच्या वरच्या अंगाने, पाण्याला लागून. फळीवर त्याला नीट उतरता येईना. एका पायाने मासा उचलला, तर दुसऱ्या पायातला पेडवा फळीवर आपटून टक असा आवाज झाला, त्याला तो दचकला आणि मासा पाण्यात पडला. कुंदाने माझं मनगट धरलं. गरुडाने एक गिरकी घेतली, परत खाली आला आणि पाण्यावरून त्याच एका पायाने मासा उचलून राईकडे गेला.

तो दिसेनासा झाला तरी तिने मनगट सोडलं नाही. मग सोडलं आणि म्हणाली, "च्याय ओता."

मग तो रोज यायला लागला. आम्ही साडेसहाला जायचो, तो आठच्या सुमारास यायचा. मधल्या दीड तासात बोलण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. एकोणीस वर्षांत आम्ही बोललो नसू इतकं त्या धक्क्यावर बोललो. बरंचसं काही महत्त्वाचं नव्हतं. कोणाची सून कशी आहे, मी घोरतो की ती घोरते, तिच्या भावाच्या मिशा त्याला शोभतात की नाही.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "हात इतके पसरलास तांबोशासाठी. जरा कमी पसरले असतास तर माका संशय इलो नसतो."

"तुका संशय इल्लो?"

"तेवढो तांबोसो तुमच्या गरीक लागतलो, ता माका खरा वाटतला?"

"मगे विहिरीर कित्याक सांगलंस सगळ्यांक?"

ती हसली. "तुमी एवढे खूश होतास."

असंच एकदा तिने डोळ्यांचं सांगितलं. गरुड यायचा होता. ती गरीला सुंगट लावत होती.

"आमच्या घराक बाप्ये डोळे काढीत," ती म्हणाली. "बायलांनी खालचो रंग देवचो, पट्टे ओढूचे, पानां काढूची. बाहुली आसांदे, घोडो आसांदे, डोळो बाबा नायतर दादा. डोळो चुकलो तर सगळा फुकट जाता, म्हणान. मी एकदा गपचूप एका घोड्याक काढल्लंय. बाबान बघल्यान. काय बोललो नाय. घासून काढल्यान नि परत काढल्यान."

"तुझो वायट होतो?"

"तेच्यापेक्षा बरो होतो. लगीन झाल्यार दादा माका फळांच धाडी. फळांक डोळे नसतत."

मला पेडव्याचे डोळे काढताना ती आठवली. सगळा मासा रंगवून झाला की दोन दिवस ती तो तसाच ठेवायची. मग एका सकाळी आंघोळ करून, दार लोटून, डोळा.

"म्हणान माका वाटला," ती दोरी सोडत म्हणाली, "बाबाच बरोबर होतो. माझो डोळो बघून ता पाखरू फसला."

"ता पाखरू फसला, कारण डोळो बरोबर होतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम बरं वाटायला बोलतोय का, ते तपासत होती. तेवढ्यात दोरी हलली आणि तिला मासा लागला.

तेविसाव्या दिवशी ती माझ्याबरोबर नव्हती. भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला आदल्या सकाळीच सावंतवाडीला गेली होती आणि संध्याकाळच्या एसटीने यायची होती. तिने मला बजावून ठेवलं होतं, मासा लागला नाही तर घरी येऊ नका. मला सुदैवाने एक बारका तांबोसा लागला. खरा. तो मी फळीवर ठेवला.

गरुड आला. फळीवर टक वाजलं नाही. त्याने दोन्ही पाय पुढे केले आणि दोन्ही पायांनी मासा उचलून नेला.

मी दुकान उघडायचं सोडून राईत गेलो. सातविणीखाली पाला, माशांची डोकी, समुद्रसापांचे मणके, सगळा उकिरडा. त्यात पेडवा निळ्या पाठीवर पडला होता. रंग दोन-चार ठिकाणी उडाला होता, डोळा शाबूत होता. मागची गरी जशीच्या तशी, गंजलेली. पुढच्या गरीची दोन तोंडं जागेवर होती. तिसरं वाकणापासून तुटलेलं.

मी गुडघ्यांवर बसून तो पाला दुपारपर्यंत चाळला. दुकानातलं लोहचुंबक आणून चाळला. त्याला देवळाचे दोन खिळे आणि एक सायकलचा छर्रा लागला. गरीचं तोंड लागलं नाही.

ते कुठे होतं हे मला कळत होतं. बोटाच्या आत होतं, कुसळाएवढं. गरुड दोन्ही पायांनी मासा नेत होता. कदाचित ते आत गंजून विरघळलंही असतं. पण ते सगळं कुंदाला सांगितलं असतं, तर डबा माळ्यावरून खाली आला नसता. ती 'सगळा' म्हणाली होती, आणि ती म्हणाली की म्हणाली.

दुकानात जाऊन मी बारीक कानस घेतली आणि तुटलेली जागा घासून गुळगुळीत केली. वर थोडं मिठाचं पाणी लावून ठेवलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेही गंज यावा. हात माझा त्या कामात चांगला होता. बघणाऱ्याला वाटावं, ही गरी दोन तोंडांचीच.

ती आली, पिशवी ठेवली, मी पेडवा तिच्या हातात दिला. दोन्ही पायांनी मासा नेला तेही सांगितलं. ती पडवीच्या पायरीवर बसली. आधी डोळा बघितला, बोटाने पुसला. मग पहिल्यांदाच तिने गऱ्यांकडे बघितलं.

"मागची तीन तोंडांची," ती म्हणाली. "नि फुडची दोन?"

"दोनच होती."

"दोनच?"

"दुकानात गावली तशी लावलंय."

तिने पेडवा हातात फिरवला. नंतर माझ्या हातांकडे बघितलं. मी ते मांडीवरच ठेवले होते.

"बरां," ती म्हणाली. "डबो काडा माळ्यावयलो. दादाची वांगी रवली हत."

सकाळी मला वाटलं आता धक्क्यावर जायचं नाही. ती थर्मास भरत होती. "अशी कशी सवय तोडूची तेची?" ती म्हणाली. पिल्लू उडेपर्यंत आम्ही जात राहिलो. नंतरही रविवारी जायचो, गरुडासाठी नव्हे, असेच. मी लूर परत वापरले, पण एक तोंडाची गरी लावून, शिसं भरून बुडणारे, आणि तेही अंधुकसं असताना, पक्षी उठायच्या आधी. मासे तरीही फसले नाहीत.

कुंदाने मात्र फळं कमी केली. मासे, कासवं, कोंबडे, एकदा दीड हात लांबीची मगर. भाऊ म्हणायचा, डोळे माझ्याकडे पाठव, मी काढतो. ती डोळे काढूनच पाठवायची. पुढे भाऊच आपले घोडे तिच्याकडे पाठवायला लागला.

नवसाची आठवण तिने त्याच आठवड्यात केली. मी म्हणालो, मोटरी फार आल्या आहेत, भाताची वेळ आहे. मग भावकीत सोयर आलं. मग शिमगा आला, देवळात गर्दी. मग माझा गुडघा दुखला. पुढच्या वर्षी तिचा दुखला. विश्राम वाटेत भेटला की म्हणायचा, "दिगू, देव वाट बघता हा." मी म्हणायचो, येतो. विश्राम गेला, त्याचा मुलगा पूजेला आला, तोही म्हणायला लागला.

"तुमका देवळात येवक लाज कसली वाटता?" कुंदा विचारायची.

लाज नव्हती. पण नारळ ठेवताना गाऱ्हाणं होणार. गुरव म्हणणार, सगळा लोखंड निघाला म्हाराजा, आणि माझ्या होकारासाठी डोळे मिटून थांबणार. घरात पायरीवर बसून 'दोनच' म्हणता आलं. तिथे मला म्हणता आलं नसतं. आणि तिथे गप्प राहिलो असतो, तर बाजूला ती उभी असणार होती.

अशी अकरा वर्षं गेली. कुंदा दोन वर्षांपूर्वी गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन महिने चाललं. इस्पितळात ती मला म्हणाली, "बरां झाल्यार पयलो तो नारळ." तेव्हा सांगता आलं असतं. मी हो म्हणालो आणि तिचे पाय चेपत बसलो.

सातविणीवर गरुड अजून येतात. तोच नर आहे की त्याच्या वंशातला, मला खालून ओळखता येत नाही. मी दुर्बीण घेतली आहे, पण पाय फांदीआड असतात.

नवस जोडीने फेडायचा होता. तो फेडायचा राहिला आहे.